लिथुआनियाचे लघुपट : ओळख आणि आपलेपण यांवरचा कार्यक्रम कसा बांधावा?

गोदाकाठ :

नमस्कार.

नाशिकमध्ये आम्ही काही जण मिळून एक लहानसे चित्रपट मंडळ चालवतो. महिन्यातून एकदा एका सभागृहात पडदा लावतो, तीस-चाळीस माणसे जमतात, आणि चित्रपट संपल्यावर चहाबरोबर चर्चा होते. येत्या हिवाळ्यात एक संध्याकाळ केवळ लिथुआनियाच्या लघुपटांना द्यावी, आणि ‘आपण कोण आणि आपण कुठले’ हा प्रश्न तिच्या मध्यभागी ठेवावा, असे ठरले आहे. त्याची चाचपणी म्हणून गेल्या महिन्यात मुख्य चित्रपटाआधी देइमांतास नार्केविचियुस यांची ‘एकदा विसाव्या शतकात’ (२००४) ही आठेक मिनिटांची कलाकृती रीतसर परवानगी घेऊन दाखवली. तेव्हा जे घडले त्यामुळेच हा धागा काढतो आहे.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९९१ मध्ये लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस इथल्या लुकिश्केस चौकातला लेनिनचा पुतळा क्रेनने उचलून नेण्यात आला. त्या प्रसंगाचे त्या वेळी झालेले चित्रण नार्केविचियुस यांनी उलट्या क्रमाने जोडले आहे. त्यामुळे पुतळा हात पुढे करून आकाशातून खाली उतरतो, चौथऱ्यावर उरलेल्या स्वतःच्याच पायांवर येऊन स्थिरावतो, आणि जमलेली गर्दी आनंदाने टाळ्या वाजवते. निवेदन नाही, स्पष्टीकरण नाही. मीही आधी काही बोललो नाही, कारण ही गंमत प्रेक्षकांनी स्वतः पकडावी असे मला वाटत होते.

दिवे लागल्यावर आमच्याकडे नियमित येणारे एक निवृत्त शिक्षक उठले आणि त्यांनी अतिशय गंभीरपणे विचारले, “स्वतंत्र झाल्यावर या लोकांनी लेनिन पुन्हा का बसवला?” मी सभागृहाकडे पाहिले, तर निम्म्याहून अधिक माना त्याच प्रश्नाला डोलत होत्या. मी घाईघाईने खुलासा केला. त्यावर एक बाई म्हणाल्या, “मग ही दिशाभूलच झाली की!” मला पटेल असे उत्तर देता आले नाही.

तेव्हा जाणकारांना विनंती अशी, की आधी प्रास्ताविक करावे की करू नये, याबद्दल आपला अनुभव सांगावा. शिवाय मला अशी शंका येते, की लिथुआनियाची ‘ओळख’ म्हटले की आपण सोव्हिएत काळ, पुतळे आणि स्वातंत्र्यलढा यांच्यापाशीच घुटमळतो. त्यापलीकडे जाणारे कोणते लघुपट घ्यावेत? एकूण वेळ दीड तासाचा आहे.

पडदानशीन :

गोदाकाठ, त्या शिक्षकांचा प्रश्न हा तुमच्या कार्यक्रमाला मिळालेला सर्वांत मोठा अभिप्राय आहे, असे मी मानतो. टाळ्या वाजवणारी गर्दी पाहिली की आपण तिच्या आनंदाचे कारण तपासत नाही, केवळ दिशा पाहतो. कलाकृतीला नेमके तेच दाखवायचे आहे. तो पुतळा १९५२ साली बसवला तेव्हाही चौकात लोक होते आणि १९९१ साली काढला तेव्हाही होते. तीच पिढी दोन्ही गर्द्यांत असू शकते, हा त्यातला बोचरा भाग आहे. त्यामुळे प्रास्ताविक अजिबात करू नये, या मताचा मी आहे.

मुळात लिथुआनियाच्या लघुपटाला न बोलण्याची सवय कशी लागली, हे पाहिले तर हे मौन म्हणजे कलावंताचा नखरा नव्हे, हे लक्षात येते. सोव्हिएत काळात माहितीपटातली अधिकृत भाषा प्रामुख्याने निवेदनातून येत असे. चित्र काहीही असो, वरून येणारा आवाज सामूहिक शेतीचे यश आणि उज्ज्वल भविष्य सांगत राही. साठच्या दशकात काही लिथुआनियन दिग्दर्शकांनी या आवाजालाच कात्री लावली. रोबेर्तास वेर्बा हे मूळचे छायालेखक. त्यांचा ‘म्हातारा आणि जमीन’ हा १९६५ चा लघुपट एका वृद्ध शेतकऱ्याभोवती फिरतो, आणि १९६९ च्या ‘शतायुषींची मनोगते’ या लघुपटात शंभरी गाठलेली माणसे स्वतःच्या तोंडाने आयुष्य सांगतात. आता हिशेब करा. १९६९ साली शंभर वर्षांचा असलेला माणूस झारच्या राजवटीत जन्मला, आणि लॅटिन लिपीतली लिथुआनियन पुस्तके छापायला बंदी असलेला १८६४ ते १९०४ हा काळ त्याने पाहिला. शेजारच्या जर्मन पूर्व प्रशियात छापलेली पुस्तके पाठीवर बांधून सरहद्द ओलांडणारे लोक त्याच्या आठवणीत असणार. मग पहिले स्वातंत्र्य, मग सोव्हिएत, मग जर्मन, मग पुन्हा सोव्हिएत. अशा माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवून नुसते बोलू देणे हेच केवढे विधान झाले! त्यात सेन्सॉरने काय कापायचे?

(इथे कोणीतरी लिथुआनियन भाषेचे संस्कृतशी असलेले साम्य काढणारच, म्हणून मीच उरकून टाकतो. ‘उग्निस’ म्हणजे अग्नी, ‘दूमास’ म्हणजे धूर, ‘सूनुस’ म्हणजे मुलगा. ही नाती खरी आहेत आणि आपल्या प्रेक्षकांना त्यांचा आनंद होतो. पण त्या आनंदात कार्यक्रमाची पंधरा मिनिटे जातात आणि लघुपट बाजूला राहतो.)

हेन्रिकास शाब्लेविचियुस यांचा ‘धुक्याच्या कुरणांमधून प्रवास’ (१९७३) हाही अवश्य विचारात घ्यावा. विषय म्हणाल तर अरुंद रुळांवरून जाणारी एक छोटी आगगाडी आणि तिच्या आसऱ्याने जगणारी माणसे. पाचोरा-जामनेर गाडीने ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना यापुढे काही सांगावे लागणार नाही.

ही परंपरा पुढे आउद्रियुस स्तोनिस यांनी नेली. त्यांच्या ‘आंधळ्यांची भूमी’ला १९९२ साली युरोपियन चित्रपट अकादमीचा सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा देश पुन्हा स्वतंत्र होऊन तीन वर्षेही झाली नव्हती. तुमच्या विषयासाठी मात्र मी त्यांचा ‘एकटी’ (२००१) निवडेन. एक लहान मुलगी तुरुंगात असलेल्या आपल्या आईला भेटायला निघाली आहे, एवढेच कथानक. ती मुलगी कुठली, हा प्रश्नच उद्भवत नाही; ती कोणाची, हा एकच प्रश्न सोळा मिनिटे आपल्यासमोर बसून असतो. आपण प्रेक्षक म्हणून तिच्याकडे टक लावून पाहतो आहोत, याची लाजही वाटू लागते.

हिशेबी :

पडदानशीन यांचे बाकी सर्व मान्य, परंतु पहिला मुद्दा नाही. व्हिल्नियसच्या प्रेक्षकाला पुतळा काढला गेला हे ठाऊक असते, म्हणून उलटी चित्रफीत पाहताना त्याच्या मनात दोन चित्रे एकमेकांवर आदळतात. नाशिकच्या प्रेक्षकाकडे पहिले चित्रच नाही, मग आदळणार काय? ज्याला कोडे आहे हेच ठाऊक नाही, त्याला कोडे घातले असे म्हणता येत नाही. त्या बाईंनी वापरलेला ‘दिशाभूल’ हा शब्द मला अगदी अचूक वाटतो.

मात्र भाषण हा त्यावर उपाय नव्हे, हेही खरे. माझी सूचना अशी, की संदर्भ दुसऱ्या लघुपटाकडून द्यावा. स्तोनिस आणि अरूनास मातेलिस यांनी मिळून केलेला ‘बाल्टिक मार्ग’ (१९९०) आधी दाखवा. २३ ऑगस्ट १९८९ या दिवशी व्हिल्नियसपासून लात्वियातल्या रिगामार्गे एस्टोनियातल्या टॅलिनपर्यंत, सहाशे किलोमीटरांहून लांब, सुमारे वीस लाख माणसे हात धरून उभी राहिली होती. पूर्व युरोप आपसांत वाटून घेणाऱ्या, हिटलर आणि स्टॅलिन यांच्यातल्या कराराला त्या दिवशी ५० वर्षे पूर्ण झाली होती. योगायोग असा, की लुकिश्केस चौकातला लेनिन उतरवला तोही २३ ऑगस्टलाच, १९९१ साली. रस्त्यावर उभे राहिलेले हे चेहरे प्रेक्षकांनी एकदा पाहिले, की लेनिन पुन्हा बसवला जात असताना ते टाळ्या वाजवतील यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. उलट्या चित्रफितीचा संशय तिथे आपोआप येईल.

उत्तरेचा वारा :

मी गेली सहा वर्षे नोकरीनिमित्त व्हिल्नियसमध्ये राहतो. माहितीपटांचा अभ्यास माझा नाही, पण गोदाकाठ यांची दुसरी शंका मला फार रास्त वाटते, म्हणून लिहितो. माझ्या वयाच्या इथल्या मित्रांसमोर पुतळा, माणसांची साखळी आणि सोव्हिएत रणगाडे यांचे विषय काढले, तर ते सौजन्याने ऐकून घेतात. आपलेपणाचा प्रश्न त्यांना वेगळ्याच ठिकाणी टोचतो. ते ठिकाण म्हणजे बापाची बाग.

‘कोलेक्तिविनियाइ सोदाइ’ म्हणजे शहराच्या कडेला पसरलेले बागांचे तुकडे. सोव्हिएत काळात ते नोकरीच्या ठिकाणामार्फत मिळत. एका तुकड्याचे माप साधारण सहा आर, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ सहा गुंठे. जमीन मालकीची नसे, घर किती मोठे बांधायचे यावरही निर्बंध असत, म्हणून माणसे कारखान्यातून सुटलेल्या सामानातून, जुन्या दारांतून आणि खिडक्यांतून खोपटी उभारत. आमच्या कार्यालयातल्या एका वयस्क सहकाऱ्याच्या बागेत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काकड्यांचे काचघर पाहून थबकलो. त्याची एकही भिंत सारखी नव्हती, कारण प्रत्येक चौकट वेगवेगळ्या इमारतीच्या खिडकीची होती आणि एकीला तर अजून पितळी कडी होती. त्यांनी ती कडी उघडून मला आतून दोन काकड्या काढून दिल्या. त्यांचा मुलगा दूर गाडीला टेकून मोबाइल पाहत होता. ही बाग पुढे कोण पाहणार, असे मी विचारले, तेव्हा बापलेकांपैकी कोणीच उत्तर दिले नाही.

वीताउतास कात्कुस यांचे लघुपट याच जागेवर उभे आहेत. त्यांचा जन्म १९९१ चा, म्हणजे तुमच्या त्या पुतळ्याच्या वर्षाचा. ‘कोलेक्तिविनियाइ सोदाइ’ याच नावाचा त्यांचा लघुपट २०१९ साली कान चित्रपट महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला. त्यात बाप आणि मुलगा यांच्यातला गारठा आहे आणि भोवती भर उन्हाळा आहे. २०२२ साली कानच्या लघुपट स्पर्धेत निवडल्या गेलेल्या लघुपटात निवृत्त बाप मुलाला चेरी तोडायला बागेत बोलावतो. दोघांना एकमेकांशी बोलायला कामाचे निमित्त लागते आणि काम तर चेरी संपेपर्यंतच असते. आंबे उतरवायला मुंबईहून गावी बोलावला गेलेला कोणताही मुलगा हे ओळखेल. एवढ्याच कारणासाठी मी कार्यक्रमाची सुरुवात बागेपासून करावी असे म्हणेन. राष्ट्र नंतर येऊ द्यावे.

त्यांचा २०२० चा लघुपट शहराच्या कडेच्या निवासी वसाहतींवर आहे. त्या वसाहती एका साच्यातून काढाव्यात तशा असतात. त्यांतल्या फाबियोनिश्केस या वसाहतीत चेर्नोबिलवरच्या प्रसिद्ध अमेरिकी-ब्रिटिश मालिकेचे चित्रीकरण झाले, ते चेर्नोबिलजवळचे ओस पडलेले ‘प्रिप्यात’ शहर म्हणून. तिथे लहानाचा मोठा झालेला माझा एक शेजारी म्हणतो, की जगाने माझे अंगण पाहिले ते दुसऱ्या देशातले मेलेले शहर म्हणून. ओळखीवर याहून चांगला लघुपट कोणाला सुचेल असे मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट, जी इथे राहायला आल्यावरच कळते. व्हिल्नियस ‘आपले’ असणे हे लिथुआनियन माणसालाही तितके सरळ नाही. शहर पोलंडमध्ये होते तेव्हाच्या, १९३१ च्या पोलिश जनगणनेत इथे सुमारे दोन तृतीयांश पोलिश आणि चतुर्थांशाहून अधिक ज्यू होते; लिथुआनियन एक टक्काही भरत नव्हते. ज्यूंची हत्या झाली, युद्धानंतर बहुसंख्य पोलिश लोक निघून गेले, आणि रिकाम्या घरांत खेड्यापाड्यांतून व सोव्हिएत संघाच्या इतर भागांतून आलेली माणसे राहू लागली. मातेलिस यांचा ‘इकारसच्या उड्डाणापूर्वी दहा मिनिटे’ हा लघुपट उझूपिस या जुन्या मोहल्ल्यात चित्रित झाला आहे. आज तिथे कॉफीची दुकाने आहेत, १९९७ साली १ एप्रिलला तिथल्या कलावंतांनी गमतीने स्वतःचे ‘प्रजासत्ताक’ही जाहीर केले, आणि पर्यटक त्याच्या फलकासमोर छायाचित्रे काढतात. लघुपटातला उझूपिस त्याआधीचा आहे, पडझडीचा. ती घरे मूळची त्यांत राहणाऱ्यांची नव्हती, हे ध्यानात ठेवून तो पाहिला तर तिथले प्रत्येक अंगण वेगळे दिसू लागते.

पंचगंगा :

उत्तरेचा वारा यांच्या शेवटच्या परिच्छेदावर एक जोड देतो. मी कोल्हापूरचा. आमच्याजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. सोव्हिएतांनी ज्या पूर्व पोलंडमधून त्यांना सैबेरिया आणि मध्य आशियाकडे हाकलले, तो पट्टा आज लिथुआनिया, बेलारूस आणि युक्रेन यांत विभागला गेला आहे. म्हणजे ज्यांचे गाव नकाशावर राहिले पण देश बदलला, अशी माणसे पाच वर्षे पंचगंगेचे पाणी प्यायली. तुमच्या प्रेक्षकांना काही सांगायचेच असेल, तर प्रास्ताविकाऐवजी चहाच्या वेळी हे सांगा.

नार्केविचियुस यांच्याच दोन कृती सुचवतो. पहिली १९९७ ची. तिचे नाव म्हणजे केवळ अक्षांश-रेखांश, ‘युरोप ५४° ५४′ – २५° १९′’. फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेने १९८९ साली काढलेला युरोपचा भौगोलिक मध्यबिंदू व्हिल्नियसच्या उत्तरेला पंचवीसएक किलोमीटरांवर येतो. दिग्दर्शक आपल्या घरातून निघून तिथे जातो, इतकेच. युरोपियन संघात प्रवेश मिळायला अजून सात वर्षे होती, आणि हा माणूस संघाच्या दाराबाहेर असलेल्या युरोपच्या मध्यावर उभा! दुसरी ‘सोलारिसला पुन्हा भेट’ (२००७). रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीच्या १९७२ च्या ‘सोलारिस’मधले नायक दोनातास बान्योनिस हे लिथुआनियन नट होते, हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानातच नसते, आपण त्यांना रशियन समजून मोकळे होतो. पस्तीस वर्षांनी ते पुन्हा त्याच भूमिकेत दिसतात. त्यात समुद्र आहे तो चित्रकार-संगीतकार च्युर्लियोनिस यांनी १९०५ साली काळ्या समुद्रावर काढलेल्या छायाचित्रांतला. लिथुआनियाचे हे राष्ट्रीय कलावंत पोलिश बोलत वाढले आणि लिथुआनियन भाषा मोठेपणी शिकले.

नवा सदस्य :

सर्व चर्चेत योनास मेकास यांचे नाव कसे नाही? ते तर सर्वांत प्रसिद्ध लिथुआनियन दिग्दर्शक.

पडदानशीन :

नाव सुटलेले नाही, मी मुद्दाम मागे ठेवले होते. मेकास १९४४ साली घराबाहेर पडले, जर्मनीत सक्तमजुरीच्या आणि नंतर निर्वासितांच्या छावण्यांत राहिले, १९४९ साली न्यूयॉर्कला पोचले, आणि २७ वर्षांनी, १९७१ च्या ऑगस्टमध्ये, सेमेनिश्किआइ या आपल्या गावी परतले. त्या भेटीवरचा त्यांचा चित्रपट दीर्घ आहे, तो एकटाच तुमचा जवळजवळ सगळा दीड तास घेईल. त्याच्या मधल्या भागाचे नावच ‘लिथुआनियाची शंभर ओझरती दर्शने’ असे आहे, आणि ती क्रमांक घालून दिली आहेत. आई अंगणात चूल पेटवून रांधते आहे, भावंडे भोवती आहेत, आणि कॅमेरा कुठेही दोन-चार क्षणांपलीकडे टिकत नाही. गावात राहिलेल्या वेर्बांचा कॅमेरा थांबतो. गाव सुटलेल्या मेकासांचा कॅमेरा थरथरतो. हा फरक दाखवायचा असेल तर २००७ साली त्यांनी वर्षभर रोज एक अशा ज्या छोट्या चित्रफिती इंटरनेटवर ठेवल्या, त्यांतली एखादी वेर्बांच्या शेजारी लावा.

हिशेबी, ‘बाल्टिक मार्ग’ आधी लावण्याची तुमची सूचना मला सुरुवातीला तडजोड वाटली होती. दोन दिवस विचार केल्यावर ती माझ्या मताहून सरस आहे, हे मान्य करतो.

गोदाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. क्रम असा ठरवतो आहे : प्रथम कात्कुस यांची बाग, मग वेर्बांचा म्हातारा शेतकरी, त्यानंतर ‘एकटी’, मग उझूपिस, मग युरोपचा मध्यबिंदू, मग ‘बाल्टिक मार्ग’ आणि अखेरीस पुन्हा तोच लेनिन. ‘सोलारिस’ पुढच्या वेळी, मूळ चित्रपटाच्या जोडीने दाखवू. व्हिल्नियसमधल्या ‘लिथुआनियन शॉर्ट्स’ या लघुपटांसाठी काम करणाऱ्या संस्थेला प्रती आणि परवानग्यांबद्दल आजच पत्र लिहिले आहे.

एक अडचण उरली आहे. मराठी उपशीर्षके आम्ही स्वतः करतो. ‘कोलेक्तिविनियाइ सोदाइ’ला मी ‘सामुदायिक बागा’ असे लिहिले, तर आमच्या कार्यकर्त्यांनी नगरपालिकेचे उद्यान समजून झोपाळा आणि घसरगुंडी डोळ्यांसमोर आणली.

उत्तरेचा वारा :

‘सामुदायिक’ तर नकोच, कारण प्रत्यक्षात प्रत्येकाच्या तुकड्याला कुंपण असते आणि शेजाऱ्याची फांदी आत आली की भांडणही होते. ‘सहा गुंठे’ असे नाव द्या. मापही चुकत नाही आणि त्यामागचा जीवही कळतो. निवासी वसाहतीवरचा लघुपट पुढेमागे घ्याल, तर त्याच्या मूळ नावाचा शब्दशः अर्थ ‘झोपायचा भाग’ असा आहे, कारण माणसे दिवसभर कामाला दुसरीकडे असतात आणि तिथे केवळ निजायला येतात. बदलापूर किंवा विरारला राहणाऱ्या कोणालाही त्या नावाचे भाषांतर लागणार नाही.

गोदाकाठ :

‘सहा गुंठे’ पक्के. त्या शिक्षकांना निमंत्रण देऊन आलो. प्रश्न विचारायचा हक्क राखून ठेवून येतो, असे म्हणाले.